विजापूर वेशीतून विजापूरला

लग्नाचा वाढदिवस आमच्या घरात फार उशिरा आला. माझ्या अम्मीला तिच्या निकाहची तारीख विचारली असती, तर ‘रजबच्या चाँदात, ज्या साली ज्वारी बुडाली’ असं काहीतरी उत्तर मिळालं असतं. माझाही निकाह रजबमध्येच झाला. पण मी पडले शाळामास्तरीण. दाखल्यांवर तारखा लिहिण्यात माझं आयुष्य गेलेलं, त्यामुळे इंग्रजी तारीखही मला पक्की ठाऊक आहे : ११ डिसेंबर १९९४, रविवार. त्या तारखेला दरवर्षी मी मनातल्या मनात एक आकडा वाढवायचे आणि कामाला लागायचे. आमच्या ह्यांना ती तारीख आठवत असे की नाही, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं, आणि अशी गोष्ट ओरडून कशी विचारायची?

२०२४ च्या डिसेंबरात तीस वर्षं पूर्ण होणार होती. पुण्याच्या लेकीचा फोन आला. “अम्मी, तुमच्यासाठी विजापूरला खोली बुक केलीय. शनिवार-रविवार. तुम्ही दोघंच जायचं.”

‘दोघंच’ या शब्दाशी मी अडखळले. तीस वर्षांत आम्ही घराबाहेर राहिलो नाही असं नाही. भावाच्या लग्नाला राहिलो, नणदेच्या बाळंतपणाला राहिलो, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी मिरजेला तेरा दिवस राहिलो, गुलबर्ग्याच्या उरुसाला राहिलो. प्रत्येक वेळी सोबत दहा माणसं आणि एक स्टोव्ह. दोघांनीच एका खोलीत कुलूप लावून राहावं, सकाळी उठून कुणाचा डबा करायचा नाही, हे कधी घडलं नव्हतं.

आणि विजापूर! आम्ही राहतो सोलापुरातल्या विजापूर वेशीत. रेशनकार्डावर, पासबुकावर, लग्नपत्रिकांवर ‘विजापूर वेस’ लिहीत आलो. गाव अवघं शंभर किलोमीटरवर. तरी ह्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. मी दोनदा गेले होते, पण शाळेची सहल घेऊन. सहलीत मास्तरीण इमारती बघत नाही, डोकी मोजते.

पहिली अडचण आली पाण्याची. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या डिसेंबरात आमच्या भागात पाचव्या दिवशी नळाला पाणी येत होतं, आणि हिशेबाने तो दिवस नेमका रविवार पडत होता. सोलापुरात बाई माहेरी जाते, दवाखान्यात जाते, मयतीला जाते, ते पाण्याचा दिवस पाहून. पाण्याच्या दिवशी मी घर सोडलंय असं मला आठवत नाही. मुलगा म्हणाला, “अम्मी, पानी मैं भरतूं. तू जा.” सुनेने पिंप, घागरी, हंडे, पातेली सगळी मोजून दाखवली. मग मला कारण उरलं नाही.

दुसरी अडचण थोरल्या नणदेची. “भाभी, अपने में ये सब नै होता. वाढदिवस-बिढदिवस.” आपांचं म्हणणं मी कधी मोडत नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, “आपा, निकाह म्हणजे करार. दोघांना विचारून, साक्षीदार बसवून, कबुली घेऊन केलेला. घर भाड्याने घेतलं तरी अकरा महिन्यांनी मालक आणि भाडेकरू समोरासमोर बसतात. आम्ही तीस वर्षांनी बसलो तर काय झालं? केक कापणार नाही, एवढं वचन देते.” आपा हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच प्रवासासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून पाठवली.

इथे आमच्या ह्यांच्या कानांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

हे अडतीस वर्षं यंत्रमागावर होते. आधी कामगार, मग जॉबर. सोलापूरची चादर, टॉवेल जगभर गेले. त्यामागचा आवाज मात्र शेडमध्येच राहिला आणि तिथल्या माणसांच्या कानांत साचला. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा धरलेली आहे. धोट्याच्या मागांची शेड ती मर्यादा सहज ओलांडते. शेडमध्ये कुणी बोलत नाही. ओठ वाचतात, बोटांनी सांगतात. सूत तुटलं, बीम संपला, चहा आला, मालक आला, या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. हे घरी येत तेही तशाच खुणा करत.

आवाजाने जाणारा कान एका दिवसात जात नाही. त्यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात : बायकांचे, लहान मुलांचे, पाखरांचे. स, श, फ, ट, क ही अक्षरं गळतात आणि स्वर मागे राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. माणूस बहिरा आहे असं घरच्यांना वाटतच नाही, लक्ष देत नाही असं वाटतं. आमच्या घरातही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, कानाचं मशीन लावा. हे म्हणाले, “नक्को. मशीन लगाया तो लोगां बुड्ढा बोलते.” दोन वर्षं तो विषय तिथेच थांबला होता. दरम्यान घरात टीव्ही मोठा झाला आणि बोलणं छोटं झालं. ‘जेवलात?’ ‘औषध?’ ‘पाणी आलं.’ तीस वर्षांचा संसार अशा एकेका शब्दावर चालला होता.

शनिवारी सकाळी सोलापूरच्या स्टँडवर एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, “किती?” ह्यांनी दोन बोटं दाखवली. मला हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आणि पुढे पूर्ण. मंद्रूप गेलं, टाकळी गेली, भीमेचा पूल आला. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे धुळखेड आणि कर्नाटक. पाट्यांवरची अक्षरं बदलली. शेतं काही बदलली नाहीत. तीच तूर, तीच ज्वारी, तेच द्राक्षाचे मांडव. २०१४ पासून पाटीवर विजयपुरा लिहितात, पण आमच्या बसमधली सगळी माणसं विजापूरच म्हणत होती.

लॉजवाल्या पोराने आधार कार्डं घेतली आणि विचारलं, “बस दोइच?” त्याला काय माहीत, तो प्रश्न किती मोठा होता! खोलीत गेल्यावर मी आधी न्हाणीघरातला नळ सोडला. धार आली. बंद केला. पुन्हा सोडला. हे बघत होते. म्हणाले, “रहने दे, दो दिन आताच रहता.” तरी रात्री झोपताना मी बादली भरून ठेवलीच.

दुपारी टांगा केला आणि आधी मुलूख-ए-मैदान पाहिली. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. म्हणजे तीही आमच्याच बाजूची सासुरवाशीण! वजन पंचावन्न टनांच्या आसपास. तोंडावर हत्तीला चिरडणारा जबडा कोरलेला. तिथला माहितगार सांगत होता, की तोफ डागली की आवाजाने गोलंदाजाचे कान फुटायचे, म्हणून शेजारी पाण्याचा हौद ठेवला होता. बत्ती दिली की गोलंदाज त्यात बुडी मारायचा. ह्यांना काही ऐकू गेलं नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं, पुन्हा सगळं सांगितलं. हे बराच वेळ हौदाच्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हमारे शेड में हौद नै था.”

मला हसू आलं, आणि घशात काहीतरी अडकलंही. चारशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाच्या माणसांना गोलंदाजाच्या कानांची काळजी घ्यावीशी वाटली असेल, तर अडतीस वर्षांत आमच्या शेडमध्ये कुणी कापसाचा बोळासुद्धा का दिला नाही? पण तो प्रश्न विजापूरच्या बुरुजावर विचारून काय उपयोग?

तिथून ताज बावडी. १६२० मध्ये इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळात, त्याची बेगम ताज सुलताना हिच्या नावाने बांधलेली. मधे मोठी कमान, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, आणि आत शिरलं की खाली उतरणाऱ्या पायऱ्या. तिच्याआधी १५७९ मध्ये अली आदिलशाह पहिला याने चाँद बीबीच्या नावाने चाँद बावडी बांधली होती. तालिकोटच्या लढाईनंतर, म्हणजे १५६५ नंतर, विजापुरात माणसं वाढली. त्यांना पाणी हवं होतं. त्या गरजेला राजाने बायकोचं नाव दिलं.

चाँद बीबी म्हटलं की मला सोलापूरचा किल्ला आठवतो. ती अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची लेक. विजापूरच्या अलीशी तिचं लग्न झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला गेला. चौथीच्या पोरांना हे सांगताना मी नेहमी विचारायचे, “मुलांनो, आपलं गाव कुणाच्या हुंड्यात गेलं?” पोरं ओरडायची, “चाँद बीबीच्या!” १५८० मध्ये नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. तरी तिने नऊ वर्षांच्या पुतण्याच्या नावाने विजापूरचा कारभार सांभाळला आणि पुढे माहेरी जाऊन मोगलांपासून अहमदनगरचा किल्ला लढवला. पुस्तकात ती घोड्यावर असते. तिच्या नावाची विहीर पुस्तकात नसते.

बावडीच्या पायरीवर आम्ही बसलो. मी ह्यांना म्हटलं, खुणा करत, “बादशहाने बेगमसाठी विहीर बांधली.” हे म्हणाले, “अच्छा किया. उसकू पानी का दिन देखना नै पड़ा.” अशा बाबतीत ह्यांच्या बोलण्याला तोड नाही.

संध्याकाळी इब्राहीम रोजा पाहिला. एका चौथऱ्यावर एकीकडे मकबरा, समोर मशीद, मधे हौद. ही जागा मुळात बेगम ताज सुलतानासाठी होती असं मानतात, पण इब्राहीमच १६२७ मध्ये आधी गेला. आता तिथे दोघंही आहेत, घरची माणसंही आहेत. खिडक्यांच्या जाळ्या अरबी अक्षरांच्या. दगड कोरून अक्षरं ठेवलेली, आणि अक्षरांच्या मधल्या जागेतून उजेड आत येतो. मी अक्षर लावून वाचायला लागले की ओळ वळायची आणि हरवायची. हे तिथे रमले. जॉबरची नजर ती. दगडाच्या जाळीत त्यांना ताणा-बाणा दिसत होता. “इसने एक धागा नै तोड़ा,” असं म्हणत ते बोटाने हवेत वीण काढत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

हा इब्राहीम गाण्याचा वेडा. त्याच्या दख्खनीतल्या ‘किताब-ए-नौरस’मध्ये सरस्वतीचं आणि गणपतीचं स्तवन आहे; लोक त्याला जगद्गुरू म्हणत. ‘अपने में ये नै होता’ हे वाक्य त्याच्या कानावर किती वेळा गेलं असेल, असा एक विचार मनात आला. आपांना सांगायला हवा.

परतताना बाजारात हे इलकल साड्यांच्या दुकानासमोर थांबले. खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं. या दिवसासाठी त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते! म्हणजे तारीख आठवत होती. मी म्हटलं, “आज नको, उद्या बघू.” का म्हटलं ते मलाही तेव्हा नीट कळलं नाही. रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरलेलं वांगं खाल्लं. सोबत आपांची चटणी होतीच.

रविवारी दार उघडायच्या वेळेलाच गोलघुमटावर पोचलो. डिसेंबर म्हणजे सहलींचा महिना. एकदा पोरं आली की घुमटात कुणाचंच काही ऐकू येत नाही, हे मला मास्तरीण म्हणून ठाऊक होतं. मुहम्मद आदिलशाहाने हयातीतच बांधायला घेतलेला हा मकबरा. तो १६५६ मध्ये वारला. आत त्याची, त्याच्या बेगमांची, मुलीची, नातवाची आणि दरबारातल्या रंभा नर्तकीची कबर आहे. आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर एवढा मोठा घुमट तोललेला. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून शंभराहून जास्त पायऱ्या चढून आम्ही सज्जात आलो. माझे गुडघे बोलत होते. त्यांचा आवाज फक्त मलाच येत होता.

सज्जा घुमटाच्या आतून गोल फिरतो. एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं, तर अडतीस मीटरवर, समोरच्या बाजूला, भिंतीला कान लावणाऱ्याला ऐकू येतं. आवाज भिंतीच्या गोलाईला धरून सरकत जातो. एक बाप आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाशी तोच खेळ खेळत होता. बाप पलीकडे गेला, काहीतरी पुटपुटला, आणि इकडे पोरगं टाळ्या पिटत नाचलं. ह्यांनी त्याला विचारलं, “क्या सुना?” पोरगं म्हणालं, “अब्बा ने मेरा नाम लिया.”

मग आमची पाळी. हे इथेच थांबले, मी पलीकडे गेले. भिंतीला तोंड लावून मी हळू म्हटलं, “तीस साल अच्छे गए.” ह्यांनी हात हलवला : नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा म्हटलं. त्यांनी कान भिंतीवर दाबून धरला होता. इतकी वर्षं ते माझे ओठ वाचत आले होते. इतक्या लांबून ओठ दिसत नव्हते. फक्त आवाज उरला होता, आणि तो दगडी भिंतीवरून त्यांच्या कानापर्यंत पोचून बाहेरच थांबत होता.

मग ते भिंतीकडे वळले. त्यांना वाटलं, आपण कुजबुजतोय. पण ऐकू न येणाऱ्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. त्यांनी माझं नाव घेतलं. आमच्या घरात माझं नाव आपा घेतात, शाळेत बाई घेतात. हे घेत नाहीत, ‘अगे’ म्हणतात. ते नाव अख्ख्या घुमटात घुमलं, एकदा, दोनदा, किती वेळा ते मोजायचं राहून गेलं. त्याच्या पाठोपाठ, “घुटने दुख्रे क्या?” आणि घुमट विचारत राहिला : दुख्रे क्या, ख्रे क्या, क्या. तो बाप हसला, राखणदार हसला. मी पदराने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी खूण केली : नाही, नाही दुखत.

थोड्याच वेळात पहिली सहल आली. शिट्ट्या, किंकाळ्या, टाळ्या. हे म्हणाले, “अब आता मेरे कू सुनने.” आम्ही खाली उतरलो.

हिरवळीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, “क्या बोली थी तू उधर से?” मी समोर बसून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उत्ता छोटा बच्चा सुनता. मैं नै सुना. तीन बार बोली ना?” मी मान हलवली. “घर पे भी बोलती होगी.” मी काही बोलले नाही. त्यांनी पाकीट काढलं आणि विचारलं, “साडी लेने की क्या?” तेव्हा मला आदल्या संध्याकाळचं माझंच ‘नको’ कळलं. म्हटलं, “साडी नको. हे पैसे मशीनला घाला. लोक बुड्ढा म्हणाले तर म्हणू देत. मला इलकल नेसून ओरडायचं नाही, साध्या साडीत हळू बोलायचंय.”

मी त्यांना समजावलं, असं काही मानू नका. दोन वर्षं समजावून जे झालं नव्हतं, ते त्या पोराने केलं. की मशीन म्हणजे म्हातारपण नव्हे, नाव ऐकू येणं, हे त्याने टाळ्या पिटून दाखवलं. दोन दिवसांत आम्ही चार-पाच इमारती पाहिल्या. राजे मोठे, घुमट मोठे. पण माझ्या मनात राहिल्या त्या दोन विहिरी, आणि त्या गोलंदाजाचा हौद. माणूस असतानाच त्याच्या घशाचा, त्याच्या कानाचा विचार करणाऱ्या गोष्टी. मेल्यावरचा घुमट कितीही सुंदर असला, तरी त्यातला पडसाद दुसऱ्यांनी ऐकायचा असतो.

त्याच आठवड्यात ह्यांनी कान तपासून घेतले. कागदावरची रेघ डावीकडे बरी होती. ४००० हर्ट्झच्या आसपास ती दरीत उतरावी तशी कोसळली होती. मशीनने गेलेला कान परत येत नाही, आहे त्याला आधार मिळतो, आणि त्या आधाराची सवय व्हायला आठवडे लागतात, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. पहिले काही दिवस हे वैतागले. पंखा फार आवाज करतो, कागद फार वाजतो, सून भांडी आपटते. त्यांना वाटत होतं घर बिघडलंय. मी म्हटलं, घर असंच होतं.

आता घरातला टीव्ही लहान झाला आहे. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं ओट्यावर बसतो, काही बोलतो, बऱ्याचदा काही बोलतही नाही. परवा रात्री तेच आधी म्हणाले, “अगे, नल कू हवा आरी. पानी आता दिस्ता.” मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. मी घागर घेऊन उठले.